स्पॉट वेल्डिंगच्या टिपा आणि डाय: कोणत्या कामाला कोणतं तांबं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत स्पॉट वेल्डिंगचं, म्हणजे तांब्याच्या दोन टिपांमध्ये पत्रे दाबून करंटनं जोडायचं, लहान युनिट. १ मिलिमीटर जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचे पॅनेल ब्रॅकेट, ०.८ मिलिमीटर एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे ट्रे, २ मिलिमीटर एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीवर एम ८ चे नट, शिवाय तारेची टोकं जोडायचा एक बट वेल्डर. आधी सगळीकडे क्रोम कॉपर (थोडं क्रोमियम मिसळलेलं तांबं) होतं, पण टिपा लवकर फुलायच्या, म्हणजे तोंड दबून पसरायचं. विक्रेता म्हणाला, बेरिलियम कॉपर घ्या, त्याहून कठीण काही मिळणार नाही. घेतलं. एसएसवर फरक पडला, पण जीआयवर टिप पूर्वीपेक्षा जास्त चिकटते, पत्र्यावर काळे डाग पडतात आणि खर्च किती तरी पटींनी वाढला. तर कुठे काय वापरावं, आणि बट वेल्डरच्या डायला काय घ्यावं?

सगळ्यात आधी जीआयच्या मशीनवरून बेरिलियम कॉपर उतरवा. टिपा टाकून देऊ नका; टेपर (होल्डरमध्ये बसणारा निमुळता भाग) जुळत असेल आणि त्या कमी बेरिलियमच्या असतील तर एसएसच्या मशीनवर चांगल्या चालतील. जीआयला क्रोम-झिर्कोनियम कॉपर, एसएसला बेरिलियम किंवा निकेल-सिलिकॉन कॉपर, नटाला तोच कठीण गट किंवा टंगस्टन-कॉपरचा इन्सर्ट, आणि बट वेल्डरच्या डायला पुन्हा कठीण गट. एवढ्यावर तुमचं काम निघेल. मात्र प्रश्नातलं एक वाक्य मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त खटकलं: आधीचं क्रोम कॉपरही लवकर फुलायचं. खरं क्रोम कॉपर १ मिलिमीटर पत्र्यावर असं पटकन फुलत नाही. म्हणजे एक तर तो माल तसा नव्हता किंवा टिपेत पाणी पोचत नव्हतं. हे तपासल्याशिवाय टिपांसाठी नवीन रॉड घेतलात तर तीच रड पुन्हा सुरू होईल.

विक्रेते हार्डनेसच्या आकड्यावर माल विकतात, कारण तो आकडा कुणालाही चटकन कळतो. पण टिपेला एकाच वेळी तीन कामं करायची असतात: हजारो अँपियर करंट पत्र्यात सोडायचा, दाब द्यायचा, आणि पत्र्याच्या वरच्या बाजूची उष्णता ओढून पाण्यात टाकायची. हार्डनेस यातल्या फक्त दाबाच्या कामाला येतो. उरलेली दोन्ही कामं वाहकतेवर चालतात, आणि तांब्यात काहीही मिसळून ते कठीण केलं की वाहकता घटतेच. वीज कमी नेणारा मिश्रधातू उष्णताही कमी नेतो, त्यामुळे तोटा दुहेरी होतो.

वाहकता मोजायची पट्टी १९१३ मध्ये ठरली. मऊ केलेलं शुद्ध तांबं म्हणजे १०० टक्के आयएसीएस (या आंतरराष्ट्रीय पट्टीचं नाव). त्या पट्टीवर झिर्कोनियम कॉपर ८० ते ९०, क्रोम आणि क्रोम-झिर्कोनियम कॉपर ७५ ते ८५, कमी बेरिलियमचे कोबाल्ट किंवा निकेलवाले प्रकार ४५ ते ५०, आणि २ टक्क्यांच्या जवळ बेरिलियम असलेलं सी १७२०० (हा मिश्रधातूचा मानक क्रमांक) फक्त २० ते २५. हार्डनेस बरोबर उलट्या दिशेनं चढत जातो. हार्डनेस मोजायच्या रॉकवेल बी पट्टीवर क्रोम-झिर्कोनियम ७० ते ८० च्या आसपास, कमी बेरिलियमवालं ९० च्या वर, आणि सी १७२०० तर त्याहून कठीण धातूंच्या रॉकवेल सी पट्टीवर मोजावं लागतं. आरडब्ल्यूएमए या अमेरिकेतल्या वेल्डिंग उत्पादकांच्या संघटनेचे क्लास १, २, ३, ४ याच क्रमानं येतात. आयएसओ ५१८२ या आंतरराष्ट्रीय मानकातही मांडणी साधारण अशीच आहे. विक्रेत्यानं 'क्लास थ्री' म्हटलं की निम्मी वाहकता सोडून हार्डनेस घेतलाय, असं मनात धरा. तुमच्याकडे नेमकं कोणतं बेरिलियम कॉपर आलंय ते बिलावर बघा. सी १७२०० निघालं तर ते कोणत्याच स्पॉट मशीनला नको, फार तर बट वेल्डरच्या डायसाठी ठेवा.

तिसरा आकडा मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत, आणि टिप किती टिकेल हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. तो म्हणजे मऊ पडण्याचं तापमान. आयएसओनं त्याची व्याख्या छान केली आहे: ज्या तापमानावर २ तास ठेवल्यानंतर गार झालेल्या तुकड्याचा हार्डनेस मूळच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घटत नाही, ते तापमान. ओढून कठीण केलेलं साधं तांबं सुमारे १५० अंशांना मान टाकतं. क्रोम कॉपर सुमारे ४७५, क्रोम-झिर्कोनियम ५००, कमी बेरिलियमवालं ४७५ च्या आसपास. आणि सगळ्यात कठीण असलेलं सी १७२०० सुमारे ३०० वरच ढिलं होतं. गार असताना मोजलेला हार्डनेस टिप लाल पत्र्यावर टेकल्यावर किती उरतो, हे रॉकवेलचा आकडा सांगत नाही.

आता जीआय. जस्त ४१९ अंशांना वितळतं. टिप टेकली की पत्र्यावरचा जस्ताचा थर वितळतो आणि टिपेच्या तोंडातल्या तांब्यात मुरतो. तांबं आणि जस्त एकत्र आले की पितळच तयार होणार. पितळाची वाहकता तांब्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे टिपेच्या तोंडावर आणखी उष्णता, त्यातून आणखी जस्त आत, आणि तोंडावर खड्डे. या चक्रात तुम्ही मुळातच निम्म्या वाहकतेची टिप घातलीत. ती उष्णता पाण्याकडे नेऊ शकली नाही, तोंडाशीच साठवत राहिली. चिकटणं आणि काळे डाग यांचं कारण हेच. इथे लागतं ते क्रोम-झिर्कोनियम, सी १८१५०. क्रोमियम ०.५ ते १.५ टक्के, झिर्कोनियम चिमूटभर. काही जण जीआयला क्लास १ चं झिर्कोनियम कॉपर वापरतात, आणि जाड थराच्या पत्र्यावर ते कमी चिकटतं हे खरं आहे. पण ते मऊ. फूट पेडलवर दाब वरखाली होत असेल तर ते लवकर बसतं. अॅल्युमिना मिसळलेलं तांबं, म्हणजे क्लास २०, चिकटण्याच्या बाबतीत सगळ्यात सरस आहे, कारण ते ९०० अंशांपर्यंत मऊ पडत नाही. पण ते महाग आहे, आणि जिथे ऑपरेटर कानशीनं टिप घासतो तिथे त्याचा पैसा वसूल होत नाही. रोबो गन, नेमानं चालणारा ड्रेसर (टिपेचं तोंड कापून नीट करणारं यंत्र) आणि कॅप (टिपेचं बदलता येणारं टोक) बदलायची शिस्त असेल तर विचार करा. तुमच्या शॉपला सध्या त्याची गरज नाही.

जीआयवर टिपेबरोबर सेटिंगही बघावं लागेल. साध्या १ मिलिमीटर एमएसला साधारण ८ ते १० किलोअँपियर, २ ते २.५ किलोन्यूटन दाब आणि ८ ते १० सायकल, म्हणजे ०.१६ ते ०.२ सेकंद पुरतात. जीआयला करंट आणि वेळ दोन्ही थोडे वाढवावे लागतात, कारण वितळलेलं जस्त करंटला रुंद वाट करून देतं. वेळ उगाच वाढवला तर टिपेचं आयुष्य घटतं, म्हणून आधी दाब बरोबर आहे ना ते बघा आणि मग करंट. टिपेचं तोंड पाच गुणिले जाडीचं वर्गमूळ, म्हणजे १ मिलिमीटरला ५ मिलिमीटर व्यासाचं ठेवा. ते फुलून ६ झालं तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तोच करंट दीडपट जागेवर पसरतो. सांधा वरून चांगला दिसतो, पण सोलून बघितलं तर बटन (वितळून जुळलेला गोळा) निघत नाही. कंट्रोलरमध्ये स्टेपर (टिप झिजेल तसा करंट वाढवणारी सोय) असेल तर तो लावा. नसेल तर ठरावीक स्पॉटनंतर टिप बदलून जुनी लेथवर घालायची सवय लावा. हातात धरलेल्या कानशीनं तोंड सपाट होत नाही, तिरकं होतं, आणि तिरक्या टिपेच्या एका कडेवरच सगळा करंट जातो.

एसएसमध्ये गणित उलटं फिरतं. ३०४ चा विद्युत विरोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट आहे, एमएसच्या कितीतरी पुढे. त्यामुळे उष्णता पत्र्यातच भरपूर तयार होते आणि करंट कमी पुरतो. पण एसएस गरम असतानाही बळकट राहतं, त्याला दाबून धरायला एमएसच्या दीडपट ते दुप्पट दाब लागतो. इथे टिपेच्या वाहकतेवर फारसा ताण नसतो, दाब मात्र तिला खरोखर सोसावा लागतो. म्हणून क्लास ३, आणि म्हणूनच तुमच्या एसएसवर बेरिलियमनं फरक दाखवला. तरी ०.८ मिलिमीटरला चांगलं क्रोम-झिर्कोनियमही चालून जातं. ट्रेचं काम कमी असेल तर दोन प्रकारच्या टिपा सांभाळण्यापेक्षा एकच ठेवा, स्टोअरमध्ये गोंधळ होणार नाही. २ मिलिमीटरच्या पुढचं एसएस आलं तर क्लास ३ घ्याच.

वरची आणि खालची टिप एकाच धातूची असली पाहिजे, असा नियम नाही. ट्रेची दर्शनी बाजू खाली येत असेल तर तिथे रुंद, सपाट तोंडाचा ठोकळा लावा आणि वरून लहान तोंडाची टिप. खूण आतल्या बाजूला पडते. त्या ठोकळ्याला क्लास ३ चांगलं, कारण सपाट तोंडावर ओरखडे आले की ते ट्रेवर उमटतात.

नट वेल्डिंगमध्ये करंट एकत्र करायचं काम नटाचे उंचवटे करतात, टिप नाही. टिपेचं तोंड रुंद आणि सपाट असतं, आणि नटाचे कठीण कोपरे त्याच त्याच जागी आदळत राहतात. क्रोम कॉपरमध्ये तिथे खळगे पडतात, नट तिरका बसतो, एक उंचवटा आधी टेकतो आणि तिथूनच ठिणग्या उडतात. म्हणून क्लास ३, नाहीतर तोंडावर टंगस्टन-कॉपरचा इन्सर्ट. ७५ टक्के टंगस्टन आणि २५ टक्के तांब्याचा प्रकार इथे बरा चालतो. त्याची वाहकता तांब्याच्या निम्म्याहून कमी असली तरी तो १००० अंशांच्या आसपासही आकार सोडत नाही. मात्र ठोका बसला तर कड तुटते. मोकळ्या हातानं नट टाकणाऱ्या ऑपरेटरला हे सांगून ठेवा. नट बसवायची पिन इन्सुलेटेड आहे ना तेही बघा. साध्या स्टीलची पिन लावली की करंटचा काही भाग आट्यांतून जातो, आटे जळतात आणि मग बोल्ट जात नाही म्हणून गिऱ्हाईक माल परत पाठवतं. सिरॅमिकची किंवा ऑक्साइडचा थर चढवलेली पिन मिळते.

टंगस्टन-कॉपर शँकला (टिपेच्या मागच्या दांड्याला) सिल्व्हर ब्रेझिंगनं (चांदीच्या मिश्रधातूच्या डाकानं) जोडताना जपा. ब्रेझिंगचं तापमान ६२० ते ७०० अंश. क्रोम कॉपरला कठीण करणारं एजिंग, म्हणजे ठरावीक तापमानावर काही तास ठेवणं, ४५० ते ४८० अंशांवर होतं. त्याच्या इतकं वर गेलं की शँकचा सांध्याजवळचा भाग मऊ पडतो. झटपट तापवा, शेपटाच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळा, आणि त्या भागाची भिंत जाड ठेवा. नाहीतर कारखान्यातच मागे तांबं ओतून जोडलेले तयार इन्सर्ट घ्या. हाच नियम वाकड्या टिपांनाही लागू आहे. कोपऱ्यात शिरण्यासाठी टिप गॅसवर लाल करून वाकवणं मकरपुऱ्यात सर्रास बघतो. लाल झाली त्या क्षणी ती साध्या तांब्याच्या पंक्तीत जाऊन बसली. वाकडी टिप हवी असेल तर वाकडा होल्डर घ्या आणि पुढे सरळ कॅप लावा.

पितळ आणि तांब्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बडोद्यात ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरची कामं इतकी आहेत की तांब्याची पट्टी किंवा चांदीचा कॉन्टॅक्ट घेऊन कुणीतरी दारात येणारच. तांब्यावर तांब्याची टिप ठेवून काही होत नाही, कारण उष्णता सांध्यापाशी साठतच नाही, सगळी निसटून जाते. तिथे टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमचं तोंड लागतं. त्यांची वाहकता ३० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून उष्णता टिपेतच तयार होते आणि तिथून कामात उतरते. मॉलिब्डेनमवर मशीनिंग बरं होतं, टंगस्टनला चिरा लवकर पडतात. एका बाजूला पितळ आणि दुसऱ्या बाजूला एमएस असेल तर पितळाच्या बाजूला टंगस्टनवाली टिप आणि एमएसच्या बाजूला क्रोम-झिर्कोनियम लावा, म्हणजे वितळणारा भाग मध्ये येतो.

अॅल्युमिनियम आलं तर सरळ नकार द्या. गमतीनं म्हणत नाही. त्याला एमएसच्या दोन-तीनपट करंट लागतो. वरचं ऑक्साइड २००० अंशांच्या वर वितळतं, आणि अॅल्युमिनियम व तांबं एकमेकांना भेटले की ५४८ अंशांनाच पातळ होतात. टिप गोलाकार तोंडाची आणि क्लास १ चीच लागते, आणि ती सतत पुसावी लागते. तुमच्या एसी मशीनवर हा धंदा परवडणार नाही.

आता ते फुलणारं क्रोम कॉपर. रॉड डोळ्यांनी ओळखता येत नाही. साधं तांबं आणि क्रोम कॉपर हुबेहूब सारखे दिसतात. स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मागितला तर क्रोमियम ०.८ टक्के दिसेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. इथेच फसगत होते. क्रोम कॉपरची ताकद रसायनात नसते, भट्टीत असते. रॉड १००० अंशांच्या जवळ तापवून पाण्यात बुडवायचा, ओढायचा, आणि मग ४५० ते ४८० अंशांवर २ ते ४ तास एजिंग करायचं. यातला शेवटचा टप्पा चुकवला की क्रोमियम तांब्यात विरघळलेलंच राहतं, आणि तसं विरघळलेलं क्रोमियम करंटला नुसताच अडथळा करतं. म्हणून दोन आकडे एकत्र बघायचे: एडी करंट मीटरवर वाहकता आणि रॉकवेलवर हार्डनेस.

वाहकता ७५ ते ८५ आणि हार्डनेस ७० च्या वर असेल तर माल ठीक, दोष दुसरीकडे शोधा. वाहकता ४० ते ५० मध्ये अडकली आणि हार्डनेसही कमी असेल तर एजिंग झालेलंच नाही. असा माल फेकू नका, कंट्रोलर असलेल्या भट्टीत ४६० अंशांवर ३ तास ठेवून बघा. दोन्ही आकडे वर येतील. वाहकता ८० च्या वर पण रॉड मऊ असेल तर कुणीतरी तो जास्त तापवला आहे. तो परत कठीण करायचा तर सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल, आणि तुमच्या स्तरावर ते शक्य नाही. वाहकता ९७ च्या पुढे गेली तर ते साधं तांबं आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. आणि वाहकता ४५ ते ५० पण हार्डनेस ९० च्या वर असेल तर चुकून क्लास ३ आलं आहे. आणखी खात्री हवी असेल तर रॉडची एक चकती कापून ५०० अंशांवर २ तास ठेवा आणि आधीचा व नंतरचा हार्डनेस मोजा. सी १८१५० असेल तर घट १५ टक्क्यांच्या आत राहायला हवी. ओढून कठीण केलेलं साधं तांबं या चाचणीत लपूच शकत नाही.

हे सगळं स्वतःकडे असायची गरज नाही. बडोद्यासारख्या शहरात एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅब आहेत. शिवाय १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या कलाभवनात आज एम. एस. युनिव्हर्सिटीचा मेटलर्जी विभाग आहे. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाशी बोललात तर विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला चांगला विषय मिळेल आणि तुमचे रॉडही तपासून होतील. पुढच्या ऑर्डरवर नुसतं 'क्रोम कॉपर' लिहू नका. सी १८१५०, ओढलेला आणि एजिंग केलेला, वाहकता किमान ७५ टक्के, हार्डनेस २५ मिलिमीटरपर्यंतच्या रॉडला किमान रॉकवेल बी ७५ आणि त्यापेक्षा जाड रॉडला ७०, असं लिहा. ओतीव रॉड नको, असंही लिहा. ओतताना झिर्कोनियम हवेत जळून जातं, आणि ओतीव मालाला ओढण्याची ताकद मिळत नाही.

पाण्याचं बघायला अर्धा तास काढा. टिपेच्या आतली बारीक नळी खळग्याच्या टोकापासून काही मिलिमीटरवर संपली पाहिजे आणि तिचं तोंड तिरकं कापलेलं हवं, म्हणजे ती टोकाला टेकली तरी पाणी अडत नाही. बऱ्याच ठिकाणी टिप बदलताना नळी आखूड झालेली असते आणि पाणी वरच्या वर फिरून परत जातं. १६ मिलिमीटरच्या कॅपला मिनिटाला ४ ते ६ लिटर पाणी हवं. वरची टिप, खालची टिप आणि ट्रान्सफॉर्मर एकाच पाइपवर ओळीनं जोडले असतील तर शेवटच्याला गरम पाणीच मिळतं, म्हणून वाटा वेगळ्या करा. परतीचं पाणी उघड्या नरसाळ्यात पडू द्या, ऑपरेटरला धार दिसते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर चहाच्या किटलीत बसतो तसाच टिपेच्या आतही बसतो आणि उष्णता अडवतो. मऊ केलेलं पाणी फिरवा.

बडोद्याच्या हवेची एक गोष्ट इथे जाणूनच घ्यावी लागते. मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला तरी हवा कोरडी असते, त्यामुळे कूलिंग टॉवर बऱ्यापैकी काम करतो. खरा त्रास जुलै-ऑगस्टमध्ये होतो. हवा दमट, टॉवरमधून पाणी उडतच नाही, आणि परतीचं पाणी कोमट राहतं. त्याच दिवसांत टिपा जास्त फुलतात आणि लोक दोष मिश्रधातूला देतात. चिलर असेल तर पावसाळ्यात त्याचं तापमान फार खाली नेऊ नका. दवबिंदूच्या खाली गेलं की ट्रान्सफॉर्मरला आणि थायरिस्टरला (करंट चालू-बंद करणाऱ्या भागाला) घाम सुटतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो.

टिप काढताना पाइप पान्यानं पिळू नका, हातोडीही मारू नका. १:१० चा टेपर एकदा दुखावला की पाणी गळतं आणि होल्डर व टिपेमध्ये करंट अडतो. मग तिथेच उष्णता होते, आणि ती कोणत्याही मिश्रधातूनं बरी होत नाही.

बट वेल्डरच्या डायमध्ये प्रश्न टिपेसारखा नसतो. डाय सांध्यापासून जरा लांब राहून तार घट्ट पकडते आणि करंट देते. संपर्काची जागा मोठी, त्यामुळे वाहकता कमी असली तरी चालते. झिजणं आणि तारेचे ओरखडे मात्र सोसावे लागतात. एमएस तारेला क्लास ३ घ्या: सी १७५१० किंवा बेरिलियम नसलेलं सी १८०००, म्हणजे निकेल, सिलिकॉन आणि थोडं क्रोमियम. हार्डनेस जवळपास तोच, वाहकता ४५ ते ५०. तार बारीक, कठीण आणि पकड फार घट्ट असेल तर सी १७२०० चालेल, पण सांध्याकडची कड गरम होत असेल तर तीच कड आधी गोल होईल, कारण ते ३०० अंशांवर ढिलं पडतं. तशा वेळी तेवढ्याच कडेला टंगस्टन-कॉपरची पट्टी बसवा. डायच्या खाचेची त्रिज्या तारेला जुळणारी असू द्या. सैल खाचेत तार दोनच रेषांवर टेकते आणि तिथे डाय जळते. तारेवरची काळी पापडी किंवा गंज काढल्याशिवाय पकडू नका. डाय खराब होण्यामागे धातूच्या निवडीपेक्षा हे कारण जास्त वेळा असतं.

मी स्वतः नवीन डायसाठी सी १८००० सुचवतो, आणि त्यामागे दरापेक्षाही बेरिलियमची धूळ हे कारण आहे. घन तुकडा हातात धरायला काही धोका नाही. पण तो कोरडा ग्राइंड केला, त्यावर पॉलिश पेपर मारला किंवा त्याला ब्रेझिंग करताना धूर झाला तर ती बारीक धूळ फुप्फुसात जाते, आणि त्यातून होणारा आजार बरा होत नाही. अमेरिकेत कामाच्या ८ तासांसाठी हवेतल्या बेरिलियमची मर्यादा घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. इतक्या बारीक धुळीचा डोळ्यांनी अंदाज येत नाही. तुमच्याकडे आलेल्या बेरिलियमच्या टिपा ड्रेस करायच्या तर लेथवर, भरपूर कूलंट सोडून. बेंच ग्राइंडरवर अजिबात नाही. चुरा एअर गननं उडवू नका, कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं गोळा करा. ऑपरेटर जेवायला बसण्याआधी हात धुतोय ना हेही बघा. क्रोम आणि बेरिलियम कॉपरच्या टिपा दिसायला सारख्याच असल्यामुळे शँकवर पंचानं खूण करा, आणि बेरिलियमचं भंगार वेगळ्या डब्यात ठेवून भंगारवाल्याला तसं सांगूनच द्या, कारण पुढे ते वितळवणाऱ्याला धूर घ्यावा लागतो.